आकड्यामागची आकृती

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक मुलाला-मुलीला दोन पेन्सिली विकत घ्याव्या लागतात, एक गुलाबी आणि एक जांभळी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते जर्नलमध्ये काढायचं, पेशींची केंद्रकं जांभळी आणि बाकीचं सगळं गुलाबी. वर्ष संपेपर्यंत बहुतेकांच्या पेन्सिली हरवतात. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या आमच्या सरांच्या कधी हरवल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या उजव्या बाजूला, त्या दोन पेन्सिली आणि एक लांबट वही असायची. वेगळी वाटलेली प्रत्येक स्लाइड ते त्या वहीत काढून ठेवायचे. आम्ही विद्यार्थी निदान सांगायच्या घाईत असायचो. सर म्हणायचे, “आधी काढ, मग नाव दे.”

आजचं व्याख्यान त्या एका वाक्यावर आहे. विषय प्रोस्टेटच्या कर्करोगाचा, आणि त्याच्या निदानात ऊतींच्या नेहमीपेक्षा वेगळ्या रचना ओळखण्याचा. रिपोर्टातला आकडा त्या-त्या काळाच्या ज्ञानाचा असतो आणि ज्ञान पुढे गेलं की त्याचा अर्थ बदलतो. नीट पाहून लिहिलेली आकृती मात्र कामी येत राहते. माझ्या उमेदीच्या काळात हे मला कळलं नव्हतं. त्याची किंमत काय असते, तेही आज सांगणार आहे.

प्रोस्टेटला मराठीत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी असते. उतारवयात बहुतेक पुरुषांमध्ये ती वाढते आणि लघवीचा त्रास सुरू होतो. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात. रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन वाढलेलं आलं, बोटानं तपासताना ग्रंथी कडक लागली किंवा एमआरआयवर संशयाची जागा दिसली, की सुईनं तुकडे घेतात. सुईतून निघणारा तुकडा अगदी शेवईसारखा असतो. जाडी जेमतेम मिलिमीटरभर, लांबी एक-दीड सेंटिमीटर. असे दहा-बारा तुकडे घेतले, तरी सगळे मिळून ग्रंथीच्या शंभराव्या हिश्श्याहून कमीच भरतात. ते फॉर्मालिनमध्ये आमच्याकडे येतात, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवले जातात, आणि मायक्रोटोमवर त्यांचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग. जांभळा आणि गुलाबी. सरांच्या पेन्सिलींचे रंग इथूनच आलेले.

स्लाइड ठेवली की आधी चारचा लेन्स लावायचा, ही सरांची शिस्त होती. चाळीसचा लेन्स लावून पेशीत शिरायची घाई करायची नाही. आधी गाव पाहायचं, मग घर. निरोगी प्रोस्टेटमध्ये ग्रंथींच्या नळ्या मोकळ्या-मोकळ्या पसरलेल्या दिसतात. प्रत्येक नळीच्या आतल्या बाजूला स्राव करणाऱ्या उंच पेशी असतात, आणि बाहेरून चपट्या तळपेशींची एक ओळ तिला वेढून असते. शेताला बांध असावा तशी ती ओळ असते. कर्करोगात हा बांध नाहीसा होतो. लहान-लहान, एकेरी थराच्या नळ्या निरोगी नळ्यांच्या फटींतून शिरताना दिसतात. हा बांध पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तेवढा लक्षात ठेवा.

प्रोस्टेटचा कर्करोग ऊतीवरून पहिल्यांदा नोंदवला तो लंडनच्या जॉन अॅडम्स या सर्जननं, १८५३मध्ये. हा फार विरळा आजार आहे, असं त्यांचं मत होतं. पुढच्या शंभर वर्षांत तो विरळा नाही हे सगळ्यांना कळलं. तरी एक कोडं राहिलंच. एकाचा आजार वीस वर्षं निपचित पडून राहतो, तर दुसऱ्याचा दोन वर्षांत हाडांत जातो. दोघांनाही कर्करोगच म्हणायचं, मग फरक सांगायचा कसा?

उत्तर आलं अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधून. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डोनाल्ड ग्लीसन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. माजी सैनिकांच्या अनेक रुग्णालयांनी मिळून प्रोस्टेटच्या उपचारांचा एक मोठा अभ्यास हाती घेतला होता, आणि तिथले मूत्ररोगतज्ज्ञ जॉर्ज मेलिंजर यांनी ग्लीसनना प्रतवारीची पद्धत बसवायला सांगितलं. ग्लीसननी आधी रोग्याचं पुढे काय झालं ते पाहिलं नाही. स्लाइडवर ज्या-ज्या रचना दिसल्या त्या त्यांनी हातानं काढल्या, सारख्या दिसणाऱ्या एकत्र केल्या, आणि मग त्या रचना रोग्यांच्या आयुष्याशी ताडून पाहिल्या गेल्या. १९६६मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. एक ते पाच अशा पाच रचना. एक म्हणजे जवळजवळ निरोगी ग्रंथीसारखी, पाच म्हणजे नळी बनवायचंच विसरलेल्या, विखुरलेल्या पेशी. पुष्कळ रोग्यांत दोन रचना शेजारी-शेजारी होत्या, आणि त्यांचं भवितव्य त्या दोन्हींच्या मधोमध पडत होतं. म्हणून सर्वांत जास्त जागा व्यापणारी रचना आणि तिच्या खालोखालची, यांची बेरीज करायची पद्धत पडली. ३ + ३ = ६, ३ + ४ = ७, ४ + ३ = ७. आज जगभरातल्या रिपोर्टांवर ही बेरीज असते.

ग्लीसन प्रतवारीत पेशीचं केंद्रक किती विद्रूप आहे याला जागा नाही. तिथे फक्त रचना पाहतात, म्हणजे पेशी एकमेकींशी कशा जोडून उभ्या आहेत ते. ग्लीसन २००८मध्ये गेले. त्यांच्या आकड्यांचे अर्थ आता पुष्कळ बदलले आहेत. २ ते ५ या बेरजा सुईच्या तुकड्यांवर आज जवळपास कुणी देत नाही, त्यामुळे मोजणी प्रत्यक्षात सहापासून सुरू होते. दहापैकी सहा म्हटलं की माणसाला वाटतं, आजार निम्म्याच्या पुढे गेला. प्रत्यक्षात तो सर्वांत सौम्य असतो. म्हणून २०१४च्या आंतरराष्ट्रीय बैठकीनंतर एक ते पाच असे श्रेणीगट आले. सहा म्हणजे गट एक, ३ + ४ म्हणजे गट दोन, ४ + ३ म्हणजे गट तीन, आठ म्हणजे चार, नऊ आणि दहा म्हणजे पाच. आकडे असे हलले, पण हातानं काढलेलं ते चित्र दुरुस्त होत-होत आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ग्लीसननी आकृती आधी काढली होती, म्हणूनच ती दुरुस्त करता आली.

सर्वांत मोठी दुरुस्ती झाली ती एका रचनेची, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तीच आहे. लॅटिनमध्ये चाळणीला क्रिब्रम म्हणतात, म्हणून ह्या रचनेला क्रिब्रिफॉर्म. आपण सरळ चाळण म्हणू. कर्करोगाच्या पेशींचं एक सलग बेट असतं आणि त्या बेटाला पुष्कळ भोकं असतात. गव्हाची चाळण उजेडात धरावी तसं ते दिसतं. भोकांच्या मध्ये फक्त पेशी असतात. आधाराची ऊती नाही, रक्तवाहिनी नाही. दहाच्या लेन्समध्येही भोकं स्पष्ट दिसली पाहिजेत, अशी आज सर्वमान्य व्याख्या आहे.

ग्लीसनच्या मूळ चित्रात गोल, गुळगुळीत कडेची चाळण तिसऱ्या रचनेत होती. कडा गुळगुळीत, आकार गोल, म्हणून ती सुसंस्कृत वाटली. पुढे रोग्यांचा माग काढला गेला तसं कळत गेलं की हे सौम्य रूप फसवं आहे. २००५मध्ये बहुतेक चाळणी चौथ्या रचनेत गेल्या, आणि २०१४मध्ये सगळ्याच. २०१५मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी बेरीज सात आलेल्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चौथी रचना चार तऱ्हांनी दिसते. एकमेकींत विरघळलेल्या नळ्या, अर्धवट घडलेल्या नळ्या, मूत्रपिंडातल्या केशिकागुच्छासारखे गोळे, आणि चाळण. या चारांपैकी आजार शरीरभर पसरण्याशी आणि त्यानं मृत्यू येण्याशी घट्ट नातं निघालं ते चाळणीचं. म्हणजे दोन माणसांच्या रिपोर्टावर तोच आकडा, ३ + ४ = ७. एकाच्या चारमध्ये अर्धवट घडलेल्या नळ्या, दुसऱ्याच्या चारमध्ये चाळण. आकडा दोघांना एकाच रांगेत बसवतो. त्यांची भवितव्यं मात्र वेगळी.

आता त्या बांधाकडे येऊ. दोन बेटं अगदी सारखी दिसतात. दोन्हींत चाळण, पेशी तशाच. एकाभोवती तळपेशींचा बांध शाबूत आहे, दुसऱ्याभोवती नाही. बांध नसेल तर ती ऊतीत शिरलेली चाळण. बांध असेल तर कर्करोग जुन्या नळीच्या आत भरून तिला फुगवतो आहे. त्याला नलिकांतर्गत कर्करोग म्हणतात. जॉन मॅकनील आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६मध्ये त्याचं महत्त्व ठळकपणे मांडलं. स्तनाच्या कर्करोगाबद्दल वाचलेल्यांना वाटेल, नळीच्या आतच आहे म्हणजे लवकर सापडला, बरं झालं. स्तनात ते खरं आहे. प्रोस्टेटमध्ये बहुधा उलट असतं. बाहेर वाढलेला आक्रमक कर्करोग जुन्या नळ्यांमधून परत आत शिरलेला असतो. शेजारच्या शेतात माजलेलं तण बांध न फोडता पाटाच्या पाण्यातून आपल्या शेतात यावं, तसा हा प्रकार. बांध शाबूत दिसला म्हणून निश्चिंत होणं, ही इथली सर्वांत मोठी चूक.

हा बांध साध्या रंगात नेहमी दिसत नाही. तेव्हा आम्ही खास प्रतिपिंडांचे रंग वापरतो. पी-६३ किंवा जड केराटिनचा रंग लावला की तळपेशी तपकिरी उमटतात. मात्र तो रंग लावायचा की नाही, हे ठरवण्यासाठी आधी साध्या रंगातली आकृती खटकावी लागते. न खटकलेल्या जागेला कुणी रंग लावत नाही.

या रचनेचं एक टोक घरातल्यांपर्यंत जातं. नलिकांतर्गत कर्करोग आणि बीआरसीए-२ या जनुकातला जन्मजात दोष यांचं नातं दिसून आलेलं आहे. तोच दोष मुलींमध्ये, बहिणींमध्ये स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. म्हणून रिपोर्टात हे शब्द आले, तर जनुकीय तपासणीचा विचार करावा असं मार्गदर्शक सूचना सांगतात. वडिलांच्या स्लाइडवर नीट ओळखलेली एक आकृती लेकीचा जीव वाचवू शकते.

या नलिकांतर्गत रचनेला आकडा द्यायचा का, यावर जगातल्या दोन मोठ्या तज्ज्ञसंघटनांचं अजून एकमत नाही. एक म्हणते, शेजारी ऊतीत शिरलेला कर्करोग असेल तर हिलाही बेरजेत धरा. दुसरी म्हणते, धरू नका, वेगळं नोंदवा. एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत आहे. चाळण आहे का आणि नलिकांतर्गत कर्करोग आहे का, हे रिपोर्टात शब्दांत लिहिलंच पाहिजे.

वेगळ्या रचनांचा विषय इथे संपत नाही. काही कर्करोग सज्जनाचं रूप घेऊन येतात. एका प्रकारात पेशी फेसाळ, भरलेल्या असतात आणि केंद्रकं लहान, शांत. एकात नळ्या वळणदार होऊन वयानुसार वाढलेल्या ग्रंथीसारख्या दिसतात. एकात त्या सुकलेल्या, म्हाताऱ्या नळ्यांसारख्या दिसतात. उंच पेशींचा, झालरीसारख्या घड्यांचा एक प्रकार मोठ्या नलिकांमध्ये वाढतो आणि कधी लघवीतून रक्त येण्यानं प्रकट होतो. लहान पेशींच्या कर्करोगात तर पीएसए कमी असूनही आजार झपाट्यानं वाढतो. याउलट काही निरोगी गोष्टी चोराच्या वेशात येतात. ग्रंथीच्या मध्यवर्ती भागातल्या निरोगी नळ्यांमध्ये पेशींचे पूल असतात आणि चाळणीचा भास होतो. शुक्राशयाचा तुकडा चुकून सुईत आला तर त्याची मोठी, काळपट केंद्रकं नवख्याला घाबरवतात. दाहामुळे ग्रंथी दगडासारखी लागते, पीएसए वाढतं, आणि स्लाइडवर भक्षक पेशींचे थवे पाचव्या रचनेसारखे दिसतात. आपल्याकडे त्यामागे क्षय असू शकतो. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे डोस घेतलेल्यांतही हे दिसतं. अशा माणसाला कर्करोग म्हणणं हा त्याच्यावर अन्याय, आणि सज्जन दिसणाऱ्या कर्करोगाला निरोगी म्हणणं हाही अन्यायच.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. सौम्य कर्करोगाला आज लगेच शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करत नाहीत. नियमित लक्ष ठेवतात, कारण उपचारांनी लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, लैंगिक जीवन बाधित होऊ शकतं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ग्रंथीपुरताच कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांना निरीक्षण, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार अशा तीन वाटांनी नेलं. २०२३मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले. तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कर्करोगानं गेलेले शेकडा तीनांहून कमी. ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे, आणि मी ती प्रत्येक घाबरलेल्या कुटुंबाला सांगतो. पण लक्ष ठेवण्याच्या या वाटेवर चाळण आणि नलिकांतर्गत कर्करोग असलेल्या माणसाला पाठवू नये, असं आज मानलं जातं. ही निवड करणाऱ्या डॉक्टरच्या हातात काय असतं? आमचा रिपोर्ट. आम्ही आकृती लिहिली नाही, तर त्याला फक्त आकडा दिसतो.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात मी नव्यानं रिपोर्ट द्यायला लागलो होतो. एका निवृत्त शिक्षकांचे सुईचे तुकडे आले. लहान नळ्यांच्या शेजारी गोल, गुळगुळीत कडेची काही बेटं, त्यांना भोकं. त्या वेळच्या नियमानुसार ही तिसरी रचना. मी लिहिलं ३ + ३ = ६, आणि सही केली. नियमाबाहेर काही केलं नव्हतं. ‘चाळण’ हा शब्द मात्र लिहिला नाही. आकडा दिल्यावर शब्दाची गरज काय, असं वाटलं. चार वर्षांनी ते पाठदुखी घेऊन आले, तेव्हा आजार मणक्यात पोचला होता. त्यांचा मुलगा माझ्यासमोर बसून विचारत होता, “सहाच तर होते ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर २०१५नंतर मिळालं. रॉटरडॅमचं काम वाचलं आणि ती बेटं डोळ्यांसमोर आली. सर शिकवण्यासाठी काही ब्लॉक वेगळे जपून ठेवत, त्यांत तो ब्लॉक होता. नवे काप घेतले, पी-६३चा रंग लावला. काही बेटांभोवती बारीक, तपकिरी, तुटक ओळ उमटली. काहींभोवती काहीच नाही. दोन्ही चाळणी एकाच तुकड्यात, शेजारी-शेजारी होत्या.

तेव्हा ‘चाळण’ लिहिलं असतं तर त्यांचे उपचार बदलले असते, असं मी म्हणणार नाही. त्या काळी तिचा अर्थ कुणालाच पुरता माहीत नव्हता. पण त्यानंतरचं ऐका. आमच्याकडे आधी निदान झालेले आणि अजून निरीक्षणाखाली असलेले रोगी होते. त्यांच्यात कुणाला चाळण होती हे शोधायला मी जुनी रजिस्टरं उघडली. पानांमागून पानं, ३ + ३, ३ + ४, ३ + ३. शब्द एकही नाही. ती माणसं आकड्यांत होती, पण आकड्यांतून सापडत नव्हती. एका दुपारच्या कामासाठी शेकडो स्लाइडी पुन्हा पाहाव्या लागल्या. त्यात कित्येक महिने गेले, आणि अशा आजारात महिने मोलाचे असतात.

यंत्रांचीही हीच कथा होईल, ही मला काळजी आहे. नेदरलँड्स आणि स्वीडनमधल्या दहा हजारांहून जास्त डिजिटल बायॉप्सी वापरून संगणकांना ग्लीसन प्रतवारी शिकवण्याची जागतिक स्पर्धा झाली, आणि संगणक ती चांगली शिकले. पण त्यांना शिकवला तो माणसांनी दिलेला आकडा. आपण आकृती नोंदवली नाही, तर यंत्रही आपली नजर न शिकता आपला आकडाच शिकेल.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे की रिपोर्टात बेरजेखाली दोन ओळी जास्त लिहा. चौथी रचना शेकडा किती, चाळण आहे की नाही, नलिकांतर्गत आहे की नाही. ‘नाही’ हेसुद्धा लिहा, म्हणजे पाहिलं होतं हे पुढच्याला कळेल. मात्र सुईनं आलेल्या शंभराव्या हिश्श्यात चाळण दिसली नाही म्हणजे ग्रंथीत नाहीच, असं समजू नका. शंका आली तर रंग लावा, दुसऱ्याला दाखवा. श्रोत्यांना विनंती आहे की घरात कुणाचा असा रिपोर्ट आला तर आकड्यावरून घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका. डॉक्टरांना विचारा, “यात चाळणीसारखी रचना आहे का?” स्लाइडी आणि ब्लॉक तुम्हाला मागता येतात, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. यात कुणाचा अपमान होत नाही.

सर गेल्यानंतर त्यांच्या मुलीनं ती लांबट वही मला दिली. मी ती घरी आणून सावकाश चाळली. एका पानावर ते शिक्षक होते. नाव नव्हतं, आमच्या प्रयोगशाळेचा क्रमांक होता. रिपोर्टावर सही करण्याआधी मी ती स्लाइड सरांना दाखवायला नेली होती, हे मी पार विसरलो होतो. गुलाबी पेन्सिलीनं भरलेली पाच गोल बेटं, प्रत्येकात पांढरी सोडलेली भोकं, कडेला जांभळे ठिपके. त्यातल्या दोन बेटांभोवती त्यांनी एक बारीक, तुटक रेष काढली होती. पी-६३ आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, साध्या रंगात, चारच्या लेन्सनंतर दहाचा लावून त्यांनी ती पाहिली होती. खाली त्यांच्या अक्षरात एवढंच होतं: “चाळण. दोघींना कुंपण आहे, तिघींना नाही. का?”

आकडा त्यांनी लिहिला नव्हता. उत्तर मिळायला वीस वर्षं लागली. पण पाहिलेलं जसंच्या तसं काढून ठेवलं होतं, म्हणून उत्तराला पोचायला जागा होती.